यकृतातली हायडॅटिड गाठ: दुर्बीण की पोट उघडून?

सर्जन, लातूर
कुत्र्याच्या फीतकृमीने यकृतात होणारी ही पाण्याची गाठ पोट उघडूनच काढावी, असं माझं ठाम मत आहे. आतलं पाणी दाबाखाली असतं. ते पोटात सांडलं तर जागेवरच अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी) होऊ शकतो, आणि त्यातल्या कृमीच्या डोक्यांपासून काही वर्षांनी पोटभर गाठी होतात. उघड्या पोटात कृमी मारणाऱ्या 20 टक्के मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप (कापडी पट्ट्या) गाठीभोवती नीट रचता येतात. दुर्बिणीत 5 मिमीच्या सक्शनमध्ये (ओढून घेणाऱ्या नळीत) पिल्लेगाठी, म्हणजे मोठ्या गाठीच्या आतल्या छोट्या गाठी, अडकतात. नळी मोकळी करायला बाहेर घेतली की भोकातून पाणी वाहतं.

लॅप्रोस्कोपिक सर्जन, संभाजीनगर
सर, हा दोष नळीचा झाला. 10 मिमीचं सक्शन घ्या आणि गाठीत सुई टोचली की दुसरं सक्शन त्या भोकाशीच धरा. कोइम्बतूरच्या डॉ. पळनिवेलूंचा खास ट्रोकार (पोटातून आत घालायची पोकळ नळी) तर यासाठीच आहे: तो सक्शननं गाठीला चिकटून राहतो, पिल्लेगाठीही त्यातूनच ओढल्या जातात. गाठीचा आतला पापुद्रा पिशवीत घालूनच बाहेर काढायचा. शिवाय रिकाम्या पोकळीत दुर्बीण घालून पोकळीत उघडणाऱ्या पित्तनलिकांची बारीक तोंडं मोठी होऊन दिसतात. आणि आपल्याकडचा पेशंट ऊसतोडीला जाणारा. मोठ्या चिरेवर मोळी उचलायची म्हणजे हर्नियाची भीती.

भूलतज्ज्ञ, नांदेड
गाठीला सुई टोचण्याआधी अ‍ॅड्रेनालिन (अ‍ॅनाफिलॅक्सिसवरचं इंजेक्शन) भरून हाताशी हवं, पद्धत कोणतीही असो. अंगावरचं पुरळ चादरीखाली झाकलेलं असतं; बीपी कोसळणं आणि श्वासनळ्या आवळणं हेच आधी कळतं. मिठाचं पाणी जास्त शोषलं गेलं तर सोडियम चढतं, म्हणून ते वेळोवेळी तपासा.

सर्जन, लातूर
ट्रोकारचं मान्य, पण पित्ताचं काय? गाठीतून आलेलं पाणी पिवळं, म्हणजे पित्त मिसळलेलं, असेल तर पोकळीत मिठाचं पाणी घालायचंच नाही, पित्तनलिका कायमच्या आक्रसू शकतात. ते तोंड टाक्याने बंद करावं लागतं. यकृताच्या आठ भागांपैकी (सेगमेंट) सातव्या-आठव्यात, मागे-वरच्या बाजूला, दुर्बिणीतून टाका घालून बघा. पित्ताची गळती राहिली तर ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर उपचार) लागते, आणि ती तालुक्याला कुठं मिळते?

लॅप्रोस्कोपिक सर्जन, संभाजीनगर
मागच्या गाठी आणि पहिला सेगमेंट तुमच्याकडे, वाद नाही. पण पुढच्या, कडेच्या गाठीलाही बरगडीखाली हातभर चीर का?

रेडिओलॉजिस्ट, परभणी
आधी सोनोग्राफीत गाठीचा टप्पा तर बघा; सीई1 ते सीई5 असे ते टप्पे. सीई4, सीई5 म्हणजे घट्ट किंवा चुना साठलेली, त्रास न देणारी गाठ. तिला फक्त नजरेखाली ठेवायचं. सीई1 (नुसती पाण्याची) किंवा सीई3ए (आतला पापुद्रा सुटलेली) 5 सेंमीच्या आत असेल तर नुसत्या अल्बेंडाझोलवर, म्हणजे कृमीच्या गोळीवर, बघता येतं. पिल्लेगाठींनी भरलेली सीई2, सीई3बी असेल तर मुख्यतः तुमचा हा वाद.

लॅप्रोस्कोपिक सर्जन, संभाजीनगर
मॅडम, बरोबर. गोळीचं एक राहिलं: किलोमागे रोज 10 ते 15 मिग्रॅ, दोन वेळांत, तेल-तुपाच्या जेवणासोबत. उपाशीपोटी घेतली तर नीट शोषलीच जात नाही. ऑपरेशननंतरही निदान महिनाभर चालू ठेवायची. मधे यकृताच्या चाचण्या आणि पांढऱ्या पेशी तपासायच्या.