वाईत अर्ध्या दिवसात पायी काय काय पाहता येईल?

प्रश्न: येत्या रविवारी पुण्याहून आई-बाबांना घेऊन वाईला जातोय. ढोल्या गणपतीचं दर्शन नक्की आहे. त्याशिवाय जुनं, ऐतिहासिक असं चालत काय पाहता येईल? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार नको.

कृष्णाकाठ: माझं माहेर मधल्या आळीतलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सकाळी आठच्या आत गणपती आळीत पोचा. बरेच लोक दर्शन घेऊन तसेच पाचगणीच्या रस्त्याला लागतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. हे देऊळ मागच्या बाजूनेही पाहायला हवं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं, तेही थेट कृष्णेच्या पात्रालगत. पुराचं पाणी भिंतीवर आदळू नये, दोन्ही अंगांनी फाकून निघून जावं, म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार काढली आहे. बाबांना ती जवळून दाखवा. एवढे पावसाळे सोसून देऊळ उभं आहे, त्यात त्या भिंतीचा मोठा वाटा आहे.

शेजारीच काशीविश्वेश्वर आहे, आनंदराव रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधलेला. काळ्या दगडातल्या नंदीपाशी थोडं थांबा, त्याच्या अंगावरचे दागिने किती बारकाईने कोरलेत ते बघा. माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या.

मग घाटाच्या कडेकडेने रमतगमत चाला. वाईत सात घाट. थंडी सरताना कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर पाळीपाळीने होतो. अफजलखान चालून आला तेव्हा शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून इथल्या शेंडे शास्त्रींनी कृष्णाबाईला नवस केला, तेव्हापासूनचा हा उत्सव, असं आमच्याकडे सांगतात. पायऱ्या उतरायची गरज नाही, आईंना वरूनही सगळं दिसेल.

आणि प्राज्ञपाठशाळा चुकवू नका. बाहेरून साधी वाटेल, पण केवलानंद सरस्वती आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ही कर्मभूमी. तर्कतीर्थ मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते, आणि विश्वकोशाचं काम वाईतच बसून झालं. आमच्या गावाला विद्येचं गाव म्हणतात ते यामुळे.

घाटवाटा: मेणवली राहिली की! तीनेक किलोमीटर आहे, आईंसाठी रिक्षा करा. नाना फडणवीसांचा वाडा, आणि खाली घाटावर मेणेश्वराजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मिळालेली ही घंटा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. शंकराच्या देवळाशेजारी ती अजून आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. मेणवलीच्या घाटाला पायऱ्या बऱ्याच आहेत का?

कृष्णाकाठ: हो, आहेत. आईंना वाड्यापाशी सावलीत बसवा, तुम्ही आणि बाबा खाली जाऊन या. वाडा खासगी आहे, आत जाण्याआधी तिथे विचारून घ्या. आणि ऊन तापायच्या आत मेणवली उरका, घाटाचा दगड दुपारी पाय ठेवू देत नाही.