चेहरा नसलेले मित्राचे व्यक्तिचित्र

प्रश्न:
मार्सडेन हार्टली या अमेरिकी चित्रकाराने १९१४ मध्ये बर्लिनमध्ये रंगवलेले 'पोर्ट्रेट ऑफ अ जर्मन ऑफिसर' हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ७ ऑक्टोबर १९१४ रोजी युद्धात मारला गेलेला त्याचा जिवलग मित्र कार्ल फॉन फ्रायबुर्ग याचे ते व्यक्तिचित्र मानले जाते. परंतु त्यात चेहरा नाही आणि देहाची बाह्यरेषाही नाही. काळ्या पार्श्वभूमीवर झेंडे, बिल्ले, अक्षरे आणि आकडे एकमेकांवर रचलेले दिसतात. ज्याला या खुणा कोणी उलगडून सांगितलेल्या नाहीत, त्याच्या दृष्टीने हे व्यक्तिचित्र उरते का?

प्रतिसाद १:
खुणा तशा अवघड नाहीत. 'के. व्ही. एफ.' ही मित्राची आद्याक्षरे, २४ हे त्याचे वय, ४ हा त्याच्या रेजिमेंटचा क्रमांक आणि वरच्या भागात आयर्न क्रॉस हे लष्करी पदक. मला मात्र पटाचे काळे-पांढरे चौकोन अधिक मोलाचे वाटतात, कारण बाकीचा तपशील सैन्याच्या नोंदवहीतही सापडला असता, पण फ्रायबुर्गला बुद्धिबळाची आवड होती हे त्याच्या सहवासात राहिलेल्यालाच ठाऊक असणार. शिवाय चित्राची उंची सुमारे १७३ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ पुरुषभर आहे. काळोखातून पुढे आलेला तो रंगीत ढीग धडासारखा उभा राहतो. कोणीतरी इथे होते आणि आता त्याचा गणवेशच उरला आहे, एवढे तर आद्याक्षरे न वाचताही कळते.

प्रतिसाद २:
थोडा विरोध नोंदवतो. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या '२९१' या गॅलरीत ही युद्धकालीन चित्रे मांडताना स्वतः हार्टलीनेच त्यांत कोणतीही छुपी प्रतीके नसल्याचे म्हटले होते. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नसली तरी जर्मनीविरोधी भावना वाढत होती, त्यामुळे त्याचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. तरीही प्रत्येक आकाराला बाण काढून अर्थ चिकटवला की चित्राचे शब्दकोडे होते, आणि रंगाचा जाड, काहीसा ओबडधोबड थर, काळ्याशेजारी पेटणारा लाल आणि पिवळा, यांकडे लक्षच जात नाही. शोक त्या रंगलेपनात आहे, आकड्यांत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३:
तुलनेसाठी चार्ल्स डेमथचे १९२८ मधील 'आय सॉ द फिगर फाइव्ह इन गोल्ड' पाहावे. तेही त्याच संग्रहालयात आहे. कवी विल्यम कार्लोस विल्यम्स हा डेमथचा मित्र. धावत्या अग्निशमन बंबावर त्याला दिसलेल्या सोनेरी ५ या आकड्यावरची त्याची कविता हा या चित्राचा आधार आहे. 'बिल' आणि 'कार्लोस' ही नावेही डेमथने त्यात रंगवली, मात्र दुसऱ्या नावाचे शेवटचे अक्षर दिसत नाही. हार्टली मित्राच्या अंगावरच्या वस्तू गोळा करतो, तर डेमथ मित्राची पाहण्याची रीत उचलतो. मला दुसरा मार्ग अधिक धीट वाटतो.

प्रश्नकर्ता:
बुद्धिबळाच्या पटाचा मुद्दा पटला. डेमथबाबत मात्र शंका उरते: ते चित्र मित्राचे आहे की त्याच्या कवितेचे? विल्यम्सच्या स्वभावाबद्दल त्यातून काहीच कळत नसेल, तर त्याला व्यक्तिचित्र म्हणण्यापेक्षा मित्राला दिलेली दाद म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

प्रतिसाद ३:
कवीच्या बाबतीत ही विभागणी तितकी सोपी नाही. गोंगाटातून जाणाऱ्या बंबावरचा नेमका आकडाच टिपणे, हा स्वभावच नव्हे का?