रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेताना: माहितगारांनो, तुमचे अनुभव लिहा

घरचा वापर आणि ऑफिसचं काम दोन्ही भागेल असा डेस्कटॉप कमी पैशात हवा असेल, तर बहुतेकदा गाडी रिफर्बिश्डवर येऊन थांबते. ही यंत्रं बव्हंशी कंपन्यांनी काही वर्षं वापरून एकगठ्ठा बदललेली असतात: डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. ज्यांनी अशी यंत्रं उघडली, तपासली, दुरुस्त केली, त्यांनी लिहावं. ‘मस्त चालतोय’ एवढंच नको. कुठे अडतं आणि का अडतं, ते हवं.

* * *

‘आय७ आहे’ या शब्दांना भुलू नका, इंटेल प्रोसेसरची पिढी बघा. आय५-८५०० मधला ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-१०५०० मधला १० म्हणजे दहावी. आय७-४७७० ला चार कोअर आणि डीडीआर३ रॅम. आय५-८५०० ला सहा कोअर आणि डीडीआर४. नावात आय७ असूनही पहिलाच मागे पडतो.

खरं कुंपण विंडोज ११ चं आहे: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय). विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं मातीमोल का झालीत ते यावरून कळेल. आठव्या पिढीसाठी ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०. एलिटडेस्क ८०० जी४. थिंकसेंटर एम७२०, एम९२० हे आकडे शोधा.

रायझन बनवणाऱ्या एएमडीत एक खाच आहे. रायझन २००० मालिका चालते असं सरसकट सांगतात, पण २२००जी आणि २४००जी हे आतून पहिल्याच झेन (रायझनची आतली रचना) पिढीचे आहेत आणि विंडोज ११ च्या यादीत नाहीत. ऑफिसच्या यंत्रांत नेमके हेच सापडतात.

* * *

प्रोसेसरच्या नावामागचं अक्षरही वाचा. ‘टी’ म्हणजे ३५ वॅटचा, वेगाने थोडा कमी पण थंड आणि शांत. ‘एफ’ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच.

* * *

डब्याचा आकार आधी ठरवा, तो नंतर बदलता येत नाही.

टॉवरमध्ये जागा भरपूर, पण तिथेही पॉवर सप्लायचे कनेक्टर बरेचदा कंपनीचे खास असतात. बाजारातला साधा एटीएक्स सप्लाय थेट बसेल असं धरून चालू नका. मधला आकार, म्हणजे स्मॉल फॉर्म फॅक्टर, हा माझ्या मते घरासाठी सगळ्यात बरा. त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायचं तर कमी उंचीचं आणि फक्त स्लॉटवर चालणारं हवं, कारण स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो आणि जादा वायर बहुधा नसतेच. जीटी १०३० किंवा जीटीएक्स १६५० चं लो प्रोफाइल कार्ड चालतं, मात्र १६५० जाडीने सहसा दोन स्लॉट खातं. झाकण उघडून जागा मोजा, मगच मागवा.

सगळ्यात छोटा आकार, म्हणजे मायक्रो किंवा टायनी, मॉनिटरच्या मागे बसतो. त्याला लॅपटॉपची रॅम लागते आणि अ‍ॅडॉप्टर बाहेर असतो. डेलचा अ‍ॅडॉप्टर मधल्या पिनमधून आपली ओळख पटवतो. कसलातरी जुळवलेला अ‍ॅडॉप्टर दिला की यंत्र चालू होतं, पण प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतं. ‘पीसी स्लो आहे’ या तक्रारीचं मूळ कधीकधी तिथे सापडतं.

* * *

परत करायच्या मुदतीत, पहिल्याच दिवशी करायच्या तपासण्या लिहितो. या सुटल्या तर नंतर उपाय नसतो.

बायोस, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगचा पडदा, यंत्र सुरू होतानाच कळ दाबून उघडा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१. पासवर्ड मागितला तर यंत्र परत. सेल काढला की पासवर्ड उडतो ही घरगुती संगणकांची गोष्ट. ऑफिसच्या बोर्डांवर तो बरेचदा वेगळ्या चिपमध्ये असतो.

मग आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज स्वतः कोरं टाका. विक्रेत्याने टाकून दिलेल्यावर विसंबू नका, त्यात काय काय घुसवलंय कोण जाणे. सेटअपच्या वेळी इंटरनेट जोडलेलं हवं. अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिच्या खात्याने साइन इन करायला सांगितलं, तर ते यंत्र त्या कंपनीच्या ऑटोपायलट (कंपनीची यंत्रं दुरून ताब्यात ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय) यादीतून काढलेलंच नाही. फॉरमॅट करून उपयोग नाही, नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते आणि मूळ मालकानेच ती काढावी लागते. नेट न जोडता सेटअप उरकलेलं यंत्र सुरुवातीला बिनबोभाट चालतं, पुढच्या रीसेटला अडकतं.

लायसन्स बघायला कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर’, एक स्पेस, स्लॅश आणि ‘डीएलआय’ ही इंग्रजी अक्षरं टाका. ओईएम (यंत्रासोबत आलेलं) किंवा रिटेल (सुटं विकत घेतलेलं) दिसलं तर ठीक. व्हॉल्यूम केएमएस (कंपन्यांचं एकगठ्ठा लायसन्स) दिसलं तर ते १८० दिवसांचं पाहुणं आहे.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये डिस्क बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कचे बिघडलेले किंवा संशयास्पद भाग) शून्याच्या वर असतील तर त्या डिस्कवर कामाची फाइल ठेवू नये. विक्रेत्याच्या ‘ए ग्रेड’ या शिक्क्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो बाहेरच्या ओरखड्यांपुरता असतो.

* * *

डिस्कवरून आठवलं: विंडोज किंवा लिनक्स (विंडोजऐवजीची मोफत सिस्टिम) टाकताना एसएसडी दिसतच नाही, अशी डेलबाबत हमखास तक्रार येते. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) ‘रेड ऑन’ असतो, तो ‘एएचसीआय’ करा. हे विंडोज टाकण्याच्या आधी करा. टाकलेल्या विंडोजखाली मोड बदलला तर ते बूट व्हायचं थांबतं.

* * *

सातव्या पिढीपर्यंतची यंत्रं टाकाऊ आहेत हे मात्र पटत नाही. ब्राउझर, पत्रं, हिशेब एवढंच असेल तर आय५-६५००, आठ जीबी रॅम, साटा एसएसडी आणि लिनक्स मिंट यावर उत्तम भागतं. ऑफिसचं सॉफ्टवेअर विंडोजचंच हवं असेल तेव्हा प्रश्न वेगळा.

* * *

रॅम १६ जीबी घेताना आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. एकाच पट्टीवर ड्युअल चॅनल (दोन पट्ट्या एकाच वेळी वापरायची सोय) मिळत नाही आणि अंगच्या ग्राफिक्सला ते लगेच जाणवतं. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम स्वस्त दिसते, या बोर्डांवर चालत नाही.

* * *

या यंत्रांना बरेचदा एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारी साधी केबल चालते, उलट दिशेने तीच केबल चालत नाही. वायफाय, कॅमेरा, माइक हे लॅपटॉपसारखं आत असेल असं समजू नका. मीटिंगा असतील तर वेबकॅम आणि हेडफोन हिशेबात धरा.

* * *

यंत्र आल्या आल्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपला की प्लग काढून लावल्यावर तारीख मागे जाते, मग ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करतो आणि लोक नेटवाल्याला फोन लावत बसतात.