येडी बाभळ काढायचीय पण हिवर आणि गवत वाचवून, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, करमाळा तालुक्यात आमचा चार एकर माळ आहे, सगळा मुरमाड, पाऊस ५००-५५० मिमी झाला तरी वर्ष चांगलं म्हणायचं. मी पुण्यात नोकरीला, गावाकडं दादा (माझे वडील) एकटेच बघतात. गेल्या १५ वर्षांत ओढ्याच्या बाजूने येडी बाभळ (बाहेरदेशातून आलेली काटेरी विलायती बाभूळ, प्रोसोपिस) शिरत शिरत आली आणि आता तीन एकर तरी तिनंच धरलाय. आत माणूस जाऊ शकत नाही.

लहानपणी याच माळावर पवना, मारवेल, कुसळी असं गवत असायचं, धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर येऊन बसायची. हिवराची (बाभळीच्याच जातीतलं इथलं देशी झाड) सात-आठ मोठी झाडं होती, त्यातली तीनच उरलीत आणि त्यातलं एक निम्मं वाळलंय. हिवराखाली गवत छान वाढतं, सावली विरळ असते ना त्याची. येडीच्या खाली मात्र भर पावसाळ्यातसुद्धा जमीन उघडी. वाचलं त्यावरून कळलं की तिच्या पडलेल्या पाल्यातली द्रव्यं दुसऱ्या बिया रुजू देत नाहीत, वरची मुळं पहिल्या पावसाचं पाणी ओढून घेतात आणि सोटमूळ इतकं खोल जातं की दुष्काळातही ती हिरवीगार. हिच्याच जातकुळीतल्या एका झाडाचं मूळ अमेरिकेत ॲरिझोनातल्या खाणीत ५३ मीटर खोल सापडलं होतं! मग आमच्या गवताने आणि हिवराच्या रोपांनी टिकाव धरायचा कसा.

गुजरातेत कच्छच्या बन्नी या गवताळ भागातही हेच झालंय, तिथं १९६१ च्या सुमाराला वनखात्याने रणाची खार पुढं सरकू नये म्हणून लावली आणि तिनं गवताळ रान गिळलं. तिकडं तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे येडी बाभळच.

आता अडचण सांगतो. दोन वर्षांपूर्वी कोळसेवाल्यांना तोडायला दिली होती, त्यांनी जमिनीबरोबर तोडून नेली आणि पावसाळ्यात एकेका खुंटाला दहा-पंधरा फुटवे आले, आधी एक खोड होतं तिथं आता झुडूप झालंय. दादा म्हणतात जेसीबी लावून सगळं एकदाच उपटून टाकू. मला भीती वाटते की माळ एकदम उघडा पडला तर पहिल्या पावसात वरची माती वाहून जाईल आणि जमिनीत पडून असलेलं तिचंच बी सगळीकडं उगवेल. शेळ्या तिच्या शेंगा आवडीनं खातात, बी पोटात मरत नाही, लेंडीतून पडून उलट चांगलं रुजतं, त्यामुळं बी तर माळभर पसरलेलंच आहे.

माझा विचार असा की आधी तीन हिवरांच्या भोवतालची आणि जिथं अजून थोडं गवत तग धरून आहे तिथली काढायची, मग दरवर्षी अर्धा-पाऊण एकर पुढं सरकायचं. हे बरोबर आहे का? कोंब खुंटाच्या मातीखालच्या भागातून फुटतात असं ऐकलंय, मग टिकाव-पहारीनं फूटभर खोल खणून तोडलं तर पुरतं का अजून खाली जावं लागतं? कुणी हाताने केलंय का, एकराला किती मजूर लागले? डिझेल किंवा औषध ओतायचं नाहीये, ओढा जवळ आहे. मोकळ्या जागेत मारवेलचे ठोंब लावावेत की पवन्याचं बी फेकावं, आणि शेळ्या किती वर्षं बंद ठेवायच्या? शेजारच्या दोन घरांचं सरपण याच बाभळीवर चालतं, त्यांच्यासाठी बांधाकडची एक पट्टी ठेवली तर तिथून परत पसरेल का, की शेंगा धरायच्या आधी छाटत राहिलं तर चालेल?

मे महिन्यात १५ दिवस रजा टाकून गावी चाललोय, मृग लागायच्या आत निदान हिवराभोवतीचं काम उरकायचंय. ज्यांनी स्वतःच्या रानात केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, फसलं असेल तर तेही लिहा.