काउंटीने फेमाचे पैसे काढायला कन्सल्टंट नेमावेत का?

पेलिकन (नैऋत्य फ्लोरिडा)

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल एकाने लिहिलं, "वादळानंतरच्या कन्सल्टंटवर उगाच ओरडू नका. त्यांची फीसुद्धा फेमाच देते. आपल्या खिशातून छदामही जात नाही." खाली अंगठ्यांची रांग. नवख्यांसाठी: फेमा म्हणजे अमेरिकन सरकारची आपत्ती-मदत संस्था. वादळानंतर शहराने किंवा काउंटीने (जिल्ह्यासारखं स्थानिक शासन) केलेला खर्च ती कागदपत्रं बघून भरून देते, आणि ती कागदपत्रं करायला हे कन्सल्टंट नेमतात. तिथे दिवाळीच्या कार्यक्रमाचं चाललंय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

छदामही जात नाही? २०१८ च्या कायद्यानुसार शहराला किंवा काउंटीला मंजूर रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. शिवाय राज्याला ७ टक्क्यांपर्यंत. १० कोटी डॉलरचं काम धरा. काउंटीच्या पातळीवर ५० लाख डॉलर नुसते कागद हलवायला. हा फेडरल टॅक्स कोण भरतं? आणि बिल ५ टक्क्यांच्या वर गेलं की वरचा पैसा थेट काउंटीच्या तिजोरीतून, म्हणजे माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून.

पण पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खुपते. इर्मा २०१७, इयन २०२२, इडालिया २०२३, हेलीन आणि मिल्टन २०२४. ज्या किनाऱ्यावर इतक्या वेळा हे घडतं, तिथे खर्चाची वसुली हे 'अचानक अंगावर आलेलं काम' कसं असू शकतं? सांडपाण्याच्या पंपांसाठी काउंटीकडे कायमची माणसं आहेत. मग या कामासाठी का नाहीत? दर वादळानंतर बाहेरची कंपनी येते, तिची नवी पोरं आमच्या रस्त्यांची नावं तासाच्या दराने आमच्याच पैशांवर शिकतात, आणि जाताना सगळं ज्ञान घेऊन जातात. बिल तासावर असल्यामुळे फाइल जितकी रेंगाळेल तितकं त्यांचं भलं.

कॅटरिना वादळानंतर लुईझियाना राज्याने घरमालकांच्या 'रोड होम' योजनेचं काम खाजगी कंपनीला ७५ कोटी डॉलरच्या वर दिलं होतं. पुढे ती रक्कम आणखी वाढली आणि लोक मात्र चेकची वाट बघत बसले. एवढं बघूनही आपण तेच करायचं?

हिशेबनीस (टेक्सास किनारा)

पेलिकन, तुम्ही हे काम आतून पाहिलेलं नाही हे प्रत्येक वाक्यात दिसतंय.

हार्वे वादळ आलं तेव्हा मी एका छोट्या शहराच्या फायनान्स खात्यात होते. शहराचं नाव नको. खातं म्हणजे मोजकी माणसं, त्यातल्या काहींच्या स्वतःच्या घरात पाणी. अशा वेळी फेमा काय मागते ते ऐका. आणीबाणीच्या कामात कायम कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या तासांचे पैसे मिळत नाहीत, फक्त ओव्हरटाइमचे मिळतात. म्हणजे कोण माणूस, कुठल्या जागी, कुठलं काम, कुठल्या वेळेत, हे लिहून हवं. बॅकहो (खोदाईचं यंत्र) चालवला असेल तर त्याचे तास आणि चालवणाऱ्याचे तास जुळले पाहिजेत. कामांचे वर्ग वेगळे: ढिगारा ए वर्गात, रस्ते-पूल सी, इमारती ई, पाणी-वीज एफ. विम्याचे पैसे आधी वजा. प्रत्येक कंत्राट फेडरल खरेदी नियमांत बसलेलं हवं. आणि कुठे नकार आला तर अपिलाला ६० दिवस.

आमच्या पब्लिक वर्क्सच्या माणसांनी रात्रभर पंप चालवले, पण लॉगबुकात लिहिलं 'वादळाचं काम'. बस्स, एवढंच. त्या दोन शब्दांवर कोण पैसे देणार? कन्सल्टंट बाईंनी पंपाच्या डिझेलच्या पावत्या, पोलिसांचे रेडिओ लॉग आणि पगारपत्रकं समोर ठेवून एकेक रात्र उभी केली. मी शेजारी बसून पाहिलंय. त्या नसत्या तर तो खर्च आम्ही मागितलाच नसता.

स्वतःच्या डोक्याने घाईत कंत्राट दिलं की काय होतं ते पोर्तो रिकोला विचारा. मारिया वादळानंतर तिथल्या वीज कंपनीने व्हाइटफिशला ३० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. वादळ आलं तेव्हा त्या कंपनीत दोन कायम कर्मचारी होते. लाइनमनचा दर तासाला ३१९ डॉलर. फेमाने हात झटकले आणि कंत्राट रद्द करावं लागलं. नियम जाणणारा एक माणूस सही करायच्या आधी खोलीत हवा होता.

आणि टक्केवारीचं म्हणाल तर खर्चावर टक्केवारी लावणारं कंत्राट फेडरल नियमांनी बेकायदा आहे. कन्सल्टंट वसुलीत हिस्सा खातात हा गैरसमज निदान पसरवू नका.

पेलिकन

मी टक्केवारीचं कंत्राट कधी म्हटलं? तासाचा दर म्हटलं. नीट वाचा. आणि तुमचीच गोष्ट माझ्या बाजूची आहे. लॉगबुक कसं लिहायचं हे त्या माणसांना मे महिन्यात, वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आधी, शिकवलं असतं तर त्या बाईंना पगारपत्रकं उकरायला लागली असती का?

तुम्ही स्वतः आता अशाच एखाद्या कंपनीत आहात का? सरळ सांगा.

हिशेबनीस

नाही. मी अजूनही नगरपालिकेच्याच नोकरीत आहे, पगार तुम्हाला ऑनलाइन सापडेल. पुढच्या वेळी मुद्द्याला उत्तर नसेल तर हेतूवर जाऊ नका.

मे महिन्यात शिकवायचं म्हणता. जरूर. ज्याला शिकवलं तो वर्षभरात सोडून जातो, कुठे माहीत आहे? कन्सल्टंट कंपनीत. आमच्या शहराला तिथला पगार परवडत नाही.

ढिगारावाला (अटलांटा)

दोघंही वरच्या मजल्यावरचं बोलताय. मी खाली होतो. कॉलेजात असताना एका वादळानंतर ढिगारा मॉनिटर म्हणून काम केलं. ट्रक भरून येतो, आपण मचाणावर उभं राहून वरून बघायचं आणि ट्रक किती टक्के भरलाय ते तिकिटावर लिहायचं. घन यार्डाप्रमाणे पैसे, म्हणजे माझ्या नजरेवर पैसे. फांद्या अशा रचतात की वरून गच्च आणि आत पोकळ. मी ७० लिहिलं की ड्रायव्हर खालून शिव्या देणार. आमच्या सुपरवायझरने एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "इतकं कमी लिहू नकोस, हे लोक काम सोडून जातील." कंपनीचं नाव सांगणार नाही.

आणि सोडून जातात हे खरं आहे. इर्माच्या वेळी फ्लोरिडातल्या कितीतरी ठिकाणी आधीपासून करार होते, तरी ट्रक आले नाहीत. हार्वेमुळे ते टेक्सासात अडकले होते, आणि जे होते ते जास्त दर मागत होते. तेव्हा पैसे गळतात ते रस्त्यावर. तिथे तुमच्या काउंटीचा माणूस हवा. ऑफिसात कन्सल्टंट ठेवा नाहीतर ठेवू नका.

हिशेबनीस

ढिगारावाला, मॉनिटरिंग आणि फेमाची कागदपत्रं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच पिशवीत घालू नका. बाकी तुमचं खरं आहे.

आता पेलिकन यांनी लुईझियाना काढलंच आहे तर पूर्ण सांगते. न्यू ऑर्लिन्सचं चॅरिटी हॉस्पिटल. फेमाच्या नियमात दुरुस्तीचा खर्च नव्याने बांधायच्या खर्चाच्या ५० टक्क्यांवर गेला तर नवी इमारत मिळते, नाहीतर फक्त दुरुस्ती. फेमा आधी म्हणाली साधारण २ कोटी ३० लाख डॉलरची दुरुस्ती, मग रक्कम १५ कोटींपर्यंत नेली. राज्याने स्वतःचे तज्ज्ञ लावून नुकसान मोजलं आणि लवादापुढे गेलं. जानेवारी २०१० मध्ये निकाल आला: ४७ कोटी ४७ लाख. इमारत तीच, वादळ तेच.

श्रीवर्धनकर

मी अमेरिकेत नाही, पण हे वाचून राहवेना. तुमच्याकडे आपलं नुकसान आपल्या बाजूने मोजणारा माणूस भाड्याने तरी मिळतो. आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, वाड्याच्या वाड्या आडव्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव घेता ना सगळे, ती झाडं मुळासकट गेली.

मदत हेक्टरावर ठरली. फळबागेला हेक्टरी ५० हजार. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या वाड्या गुंठ्यांत. दहा गुंठ्यांच्या वाडीला जेमतेम ५ हजार. त्याच दहा गुंठ्यांत नारळ, त्याखाली सुपारी, त्याखाली केळ, सुपारीवर मिरीचे वेल, कडेला जायफळ. तलाठ्याच्या तक्त्यात या सगळ्याला एकच रकाना. आरडाओरड झाली तेव्हा झाडावर आले: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. पडलेलं झाड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात निघत नव्हती.

टॅम्पाकर

धागा काउंटीच्या खर्चाचा आहे. निसर्ग वादळाचा वेगळा काढा की.

श्रीवर्धनकर

का? वादळ फ्लोरिडात आलं तरच ते मोजायच्या लायकीचं का? वडिलांनी लावलेली वाडी एका दुपारी गेली आमची. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा अर्धी झाडं आम्ही वाट करण्यासाठी तोडून बाजूला लावली होती. ते म्हणाले, जागेवर दिसतात तेवढीच धरतो. आम्ही काय त्यांच्यासाठी झाडं अंगणात पडू द्यायची? आजी आजारी होती, तिला बाहेर न्यायला रस्ता हवा होता.

दापोलीचा

पण तलाठ्यावर सगळं ढकलू नका. माझा भाऊ ग्रामसेवक आहे. वीज नाही, नेटवर्क नाही, एका माणसाकडे चार-चार गावं, आणि वरून रोज आकडा पाठवा म्हणून तगादा. दर तो ठरवत नाही. तक्ता तो ठरवत नाही. शिव्या मात्र तोच खातो.

श्रीवर्धनकर

तुमच्या भावाबद्दल मी काही बोललो नाही. तक्त्याबद्दल बोललो. त्या तक्त्यात मिश्र बाग बसत नाही हे वादळाआधी शासनाला सांगणारा कोण होता? कृषी विद्यापीठ तुमच्या दापोलीतच आहे. एका वाडीतलं उत्पन्न थरांत येतं हे त्यांना ठाऊक आहे. मग हेक्टरचा निकष लागला तेव्हा कुणीतरी ठामपणे उभं राहायला नको होतं?

दापोलीचा

विद्यापीठ संशोधन करतं, मदतीचे निकष ठरवत नाही. आणि पक्क्या घरांची रक्कम ९५ हजारांवरून दीड लाखावर नेली, तेही त्याच शासनाने, तेवढं तरी मान्य करा.

श्रीवर्धनकर

नेली. कौले आणि पत्र्यांचे भाव त्या महिन्यात किती चढले होते तेही लिहा मग.

टॅम्पाकर

मी विषय वेगळा काढा म्हटलं ते अपमान करायला नाही. पण तिकडे पैसे शासनाकडून कुटुंबाला जातात, इथे फेमाकडून काउंटीला. तुलना बसत नाही.

हिशेबनीस

मला बसते. श्रीवर्धनकर, तुम्ही जे हेक्टर आणि झाडाबद्दल लिहिलंत तेच आम्ही चॅरिटीच्या ५० टक्क्यांबद्दल बोलतोय. मोजायचं एकक ज्याने निवडलं त्याने रक्कम निवडली. तुमच्या गावाच्या वतीने त्या तक्त्याशी भांडणारा जाणकार कुणी पगारावर ठेवला असता तर तुम्ही त्याला उधळपट्टी म्हणाला असतात का? पेलिकन, हा प्रश्न तुम्हालाही आहे.

पेलिकन

नसतं म्हटलं. पण चॅरिटीचं उदाहरण अर्धवट आहे. कॅटरिना ऑगस्ट २००५ मध्ये, निकाल जानेवारी २०१० मध्ये. मधल्या काळात गरीब माणसांनी कुठे जायचं होतं? शिवाय तो लवाद काँग्रेसने खास कॅटरिना-रिटाच्या दाव्यांसाठी कायद्याने उघडला होता. तज्ज्ञांच्या हुशारीने काही सगळं झालं नाही.

हिशेबनीस

२०१८ च्या ज्या कायद्यातले ५ टक्के तुम्ही वर दाखवलेत, त्याच कायद्याने १ जानेवारी २०१६ नंतरच्या आपत्तींसाठी लवाद खुला केलाय. वादाची रक्कम ५ लाख डॉलरच्या वर असावी, ग्रामीण भागात १ लाखाच्या वर. कायद्यातलं सोयीचं तेवढंच वाचायचं नसतं.

पेलिकन

ठीक आहे. छोट्या शहरांना बाहेरची मदत लागते, एवढं तुमच्याकडून घेतो. तुमच्या त्या शहराकडे माणसंच नव्हती. आमच्या काउंटीकडे आहेत. लाखो लोकांची काउंटी, तिने एवढ्या वादळांनंतरही हे पूर्ण काम बाहेर द्यावं, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

ढिगारावाला

मग कंत्राटातच लिहून घ्या. कमाल रकमेची मर्यादा तर तासाच्या कंत्राटाला फेडरल नियमानेच लागते. कंपनीच्या प्रत्येक टेबलावर काउंटीचा एक माणूस बसवा. आणि ट्रकच्या तिकिटांची तपासणी काउंटीने स्वतः करावी.

हिशेबनीस

शेजारी माणूस बसवायचा मुद्दा मला मान्य. आमच्याकडे मी बसले होते म्हणून तर पुढच्या वादळाला आमची लॉगबुकं नीट होती. पण तो माणूस टिकवायला पगार वाढवावा लागेल, तेव्हा हेच लोक टॅक्स वाढला म्हणून ओरडतील. तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर हेही लिहा.

पेलिकन

लिहितो. पुढच्या महिन्यात काउंटी कमिशनसमोर आमच्या कन्सल्टंट कंपनीच्या मुदतवाढीचा विषय आहे. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात, मी नाव देतोय. कंत्राट आणि आजवरची बिलं पब्लिक रेकॉर्ड कायद्याखाली मागवली आहेत. फ्लोरिडात ती द्यावीच लागतात. श्रीवर्धनकर, तुमच्या वाडीचं तीन मिनिटांत बसणार नाही, पण गुंठ्यांचा हिशेब मी सांगणार आहे.

हिशेबनीस

बिलांबरोबर तासांचे तक्ते मागवा, नुसती बिलं बघून काही कळत नाही. आणि कंत्राट संपल्यावर मूळ फाइली कोणाच्या सर्व्हरवर राहतात ते विचारा. फेमाचं ऑडिट काही वर्षांनी येतं, तेव्हा कंपनी गेलेली असते आणि पैसे परत मागतात ते काउंटीकडून.

श्रीवर्धनकर

आमच्याकडे पंचनाम्याची प्रतसुद्धा मागितल्याशिवाय मिळाली नव्हती. ज्यांच्याकडे अजून नाही त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्ज कसा लिहायचा ते विचारलंत तर सांगतो.