प्रतिसाद: जर्मन येतं, मग डॉक्टर रिकामे का?
वर विचारलंय की जर्मनीतल्या सिरियन डॉक्टरांना बी२ (वरच्या मध्यम पातळी) पर्यंत जर्मन येत असूनही काम का मिळत नाही. कारण बी२ हा फक्त उंबरठा आहे. त्यापुढे वैद्यकीय भाषेची वेगळी, सी१ (बी२ च्या वरच्या) पातळीची परीक्षा असते. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग: रुग्णाशी बोलणं, त्याची लेखी नोंद, मग वरिष्ठ डॉक्टरला केस सांगणं. गाडी अडते ती भाषा बदलताना. अपेंडिक्सच्या सुजेला रुग्णासमोर 'ब्लिंडडार्मएन्टत्स्युंडुंग' म्हणायचं, डॉक्टरसमोर 'आपेंडित्सीटिस'. अरबी आणि लॅटिन संज्ञांवर वाढलेल्या माणसाला दुसरा शब्द चटकन सुचतो, पहिला नाही. लेखी भागात तर वीस मिनिटं बघता बघता संपतात.

पदवीच्या मान्यतेसाठी लागणाऱ्या कागदांचं म्हणाल, तर अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील युद्धाने विस्कटलेल्या विद्यापीठातून आणणार कोण? त्यासाठी मायदेशाच्या दूतावासात जाणं हे निर्वासितासाठी धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी ज्ञान-परीक्षेचा मार्ग आहे: तोंडी आणि प्रात्यक्षिक, भर मेडिसिन आणि सर्जरीवर, नापास झाल्यास आणखी दोन संधी. दरम्यान डॉक्टर म्हणून काम करायचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, पण साधारण दोनच वर्षांचा. त्यात पूर्णवेळ ड्यूटी करून अभ्यास करायचा, म्हणजे तारेवरची कसरत. माझ्या मते परीक्षेची तारीख हातात आल्यावर तयारी सुरू करणं ही सगळ्यात महागडी चूक.