अप्पर आपोआप डिपर होतो म्हणे! गोव्यातल्या रस्त्यांवरचे तुमचे अनुभव सांगा

फोंड्याहून, धागा सुरू करताना

जानेवारीत नवी गाडी घेतली. तिला ऑटो हाय बीम आहे. अंधाऱ्या रस्त्यावर अप्पर (लांबवर जाणारा झोत) आपणच लागतो आणि समोरून गाडी आली की आपणच डिपर (खाली झुकलेला झोत) होतो. उन्हाळाभर मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बसवून हे कौतुक दाखवत फिरलो. पावसाळा लागला आणि सगळं बिनसलं. कधी रिकाम्या रस्त्यावर डिपरच राहतो, कधी समोरच्याच्या तोंडावर अप्पर तसाच. परवा बोरीच्या उतारावर एका स्कूटरवाल्याने मला थांबवून विचारलं, "डोळे काढतोस काय रे माझे?" काय उत्तर देणार? माफी मागितली.

सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटर लावून बघितलं. "एरर काही नाही" म्हणाले आणि गाडी धुऊन परत दिली. तुमच्यापैकी कुणाला असा त्रास झाला असेल तर लिहा. गाडी कुठली ते नाही सांगितलं तरी चालेल, पण रस्ता, वेळ आणि शेवटी दोष कुठे निघाला ते जरूर सांगा.

डिचोलीहून

आमच्याकडे दोष बाबांमध्ये निघाला! लाइटचा खटका 'ऑटो'वर ठेवला की झालं, असं ते समजत होते. त्याने फक्त अंधार पडला की दिवे लागतात. अप्पर-डिपर आपोआप व्हायला आमच्या गाडीत त्याखेरीज लाइटची दांडी पुढे ढकलावी लागते. मग मीटरवर दिव्याच्या चित्रात 'ए' दिसतो. तो नसेल तर यंत्रणा चालूच नाही. शिवाय साधारण ४० च्या वर वेग गेल्याशिवाय आमची गाडी अप्पर देत नाही. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, पुस्तकात बघा. आमच्या वाड्यावर तीन गतिरोधक आहेत, तिथे ४० कुठला यायला!

म्हापशाहून

माझी गोष्ट माडापासून सुरू होते. गेल्या वर्षी अंगणात उभ्या गाडीच्या समोरच्या काचेवर नारळ पडला. विमा होता, चार दिवसांत नवी काच बसली. पुढच्या आठवड्यात रात्री पेडण्याला जाताना लक्षात आलं की समोरची गाडी अगदी जवळ आल्यावर डिपर होतोय. लेन सुटली की टुंग टुंग वाजायचं, तेही बंद. दोन्ही कामं आतल्या आरशामागचा एकच कॅमेरा करतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काच बदलताना तो कॅमेरा काढून पुन्हा बसवतात. किंचित तिरपा बसला तरी लांबचे दिवे त्याला भलतीकडे दिसतात. म्हणून काच बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा नेमकी जुळवून घेणं, करावं लागतं. माझ्या बिलात त्याचा पत्ताच नव्हता. भांडून करून घेतलं. सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारी चाकांची हवा तपासली, डिकी रिकामी करायला लावली (त्यात त्याच माडाचे नारळ होते), आणि समोर ठरावीक अंतरावर चौकटींचा फलक मांडला. काही गाड्यांत फलकाऐवजी रस्त्यावर चालवूनच हे करतात. अर्ध्या दिवसात गाडी पूर्वीसारखी. काच बदललीत तर गाडी ताब्यात घेण्याआधी एवढं विचाराच.

काणकोणहून

फोंड्याचे भाऊ, पावसाळ्यात बिनसलं म्हणताय तर आधी काच आतून बघा. आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाहेरून खारं रोज पुसतो, पण आतून, कॅमेऱ्यासमोरच्या वीतभर जागेत, कुणाचा हात जातो? दमट हवा, एसी आणि नव्या गाडीतल्या प्लास्टिकचा वाफारा यांनी तिथे तेलकट साय धरते. दिवसा दिसत नाही. रात्री बाहेरून टॉर्च तिरपा मारून बघा, दुधी डाग उठतो. त्या डागातून बघितलं की समोरच्या दिव्याचा पसरट गोळा होतो आणि कॅमेरा गोंधळतो. माझ्या गाडीत वरचं कव्हर काढावं लागलं, ते सर्व्हिसवाल्यांकडूनच करून घ्या. भिंगाला बोट लावू नका.

करमल घाटात मात्र मी ऑटो बंदच ठेवतो. वळणापलीकडची गाडी कॅमेऱ्याला आपल्याइतकीच उशिरा दिसते. आपल्याला निदान झाडांवर पडलेला उजेड आधी कळतो.

पर्वरीहून

फास्टॅग! कोल्हापूरला जायचं म्हणून घाईत चिकटवला, आरशामागे, बरोबर कॅमेऱ्याच्या नजरेत. दोन बोटं बाजूला हवा होता. डॅशकॅम लावणाऱ्यांनीही बघावं.

वाळपईहून

मी पहाटे पाचला दूध घेऊन निघते. अप्पर लागलेला, रस्ता रिकामा, म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं. तेवढ्यात पों पों ऐकू आलं. पोदेर, म्हणजे आमचा सायकलवरचा पाववाला. सायकलला दिवा नाही, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक, एक हात भोंग्यावर आणि दुसरा डोळ्यांवर आडवा धरलेला. पाय टेकून रस्त्याकडेला उभाच राहिला बिचारा. मी हाताने डिपर केला, पण तोवर उशीर झाला होता.

गाडीत बिघाड नव्हता. माझ्या गाडीचा कॅमेरा समोरचे पांढरे दिवे आणि मागचे लाल दिवे ओळखतो. बिनदिव्याची सायकल, चालणारी माणसं, रस्त्यात बसलेली गुरं त्याच्या हिशेबी नाहीतच. लईराई देवीच्या जत्रेला धोंड (तिचे व्रत धरलेले भक्त) रात्री चालत निघतात, तेव्हाही हेच. उलट चोर्ला घाटात एकदा गवा दिसला तो अप्परमुळेच, म्हणून मी यंत्रणेला अगदीच नावं ठेवणार नाही. पण गावातून जाताना हात दांडीवरच असतो.

वास्कोहून

नव्या झुआरी पुलावर अप्पर लागत नाही म्हणून मी तक्रार करून आलो होतो. पुलावर दिव्यांचा एवढा उजेड असताना तो लागणार कशाला, हे मला शिकाऊ पोराने सांगितलं. लाजलो. महामार्गावरच्या चकाकत्या पाट्यांचा त्रास मात्र खरा आहे. आपलाच उजेड परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं गाडी आली, डिपर होतो, पाटी मागे गेली की पुन्हा अप्पर. मागून बघणाऱ्याला वाटावं शिगम्याची रोषणाई चाललीय. आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी 'कॅमेरा बंद आहे' असा संदेश देते. एसी लावून दहा मिनिटांत माझा तरी जातो.

कुडचड्याहून

वायरिंगचं काम करतो म्हणून एक भर. लेनचा इशाराही बंद असेल तर कॅमेरा किंवा काच बघा. तो चालतोय आणि फक्त अप्पर रुसलाय, तर दांडी, फ्यूज, दिवा या बाजूला या. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून हाताने अप्पर द्या. मीटरवर निळी खूण पेटली पण भिंतीवरचा उजेड वर चढला नाही, तर दोष दिव्यातच. बऱ्याच प्रोजेक्टर (पुढे गोल भिंग असलेल्या) दिव्यांत आत एक छोटा पडदा असतो, तो खाली पडला की अप्पर. पडताना 'टक' असा आवाज येतो, कान लावून ऐका. पाणी शिरलं की तो अडकतो. आणि बाजारातले भगभगीत एलईडी बल्ब साध्या दिव्यात घालून आणू नका. त्यांचा डिपरही समोरच्याला अप्परच लागतो.

फोंड्याहून, पुन्हा

काल रात्री टॉर्च मारला. काणकोणकर, तुमचा दुधी डाग जसाच्या तसा! आज कव्हर काढून साफ करून घेतलं. येताना रिकाम्या रस्त्यावर अप्पर लागला, समोरून बस आली तसा लगेच डिपर झाला.

आणि बोरीला चहाच्या गाड्यावर तोच स्कूटरवाला भेटला. गाडी दुरुस्त झाली म्हणून सांगितलं, चहा पाजला. तो निघाला तेव्हा बघितलं, जुनी स्कूटर, पुढचा दिवा बंदच. विचारलं तर म्हणाला, "दोन महिने झाले, बल्ब गेलाय."